बरणीतल्या चिठ्ठीवरचं पनवेल

पनवेल तालुक्यात साप किती प्रकारचे, असं विचारलं तर गावातला एखादा जाणता माणूस नाग, घोणस, मण्यार, फुरसं, धामण, दिवड, नानेटी, हरणटोळ ही नावं बोटांवर मोजून दाखवील. सर्पमित्र त्यात कवड्या, तस्कर, मांजऱ्या, रुका, चापडा यांची भर घालील आणि मोबाइलमधले फोटोही पुढे करील. दोघांचंही बहुधा बरोबरच असेल. पण हीच गोष्ट शंभर वर्षांनी कोणाला तपासून बघायची असेल, तर? सांगणारा गेलेला असेल, मोबाइल भंगारात गेला असेल आणि ज्याला आज आपण हरणटोळ म्हणतो त्याचं शास्त्रीय नाव तोवर एक-दोनदा बदललेलं असेल. त्या वेळी उपयोगी पडते संग्रहालयातली बरणी. म्हणजे स्पिरिटमध्ये बुडवलेला प्राणी, त्याच्या अंगाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवरचा क्रमांक ज्या नोंदवहीत सापडतो ती वही. हे तिन्ही मिळून जी नोंद होते ती कशी तयार होते, कशी वाचायची आणि पनवेलसारख्या तालुक्याची नोंद वाचताना कुठे ठेच लागते, ते सावकाश पाहू.

अशा बरण्यांची कपाटं आपल्याला दोन ठिकाणी जवळ आहेत. एक मुंबईत, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ मुंबईकरांनी ही संस्था काढली. सहा साहेब आणि दोन आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. संस्थेला स्वतःची जागा नव्हती, तेव्हा हर्बर्ट फिप्सन या वाइनच्या व्यापाऱ्याने फोर्ब्ज स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानाचा एक भाग १८८४ मध्ये देऊ केला. स्पिरिटमधल्या सापांना याहून शोभेसं बिऱ्हाड मिळालं नसतं. फिप्सनसाहेबांना सापांचा खरोखरच नाद होता. मातीत राहणाऱ्या एका खापरखवल्या सापाला १८८८ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं, ते आजही चालू आहे: युरोपेल्टिस फिप्सोनाय. दुसरं कपाट पुण्याला आकुर्डीत, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रात. हे केंद्र १९५९ चं. तिसरं मात्र थेट लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये, कारण ब्रिटिश अमदानीत लष्करातले डॉक्टर, जंगल खात्याचे अधिकारी आणि हौशी साहेब कोकणातले, घाटावरचे नमुने तिकडे पाठवत असत. पनवेलच्या प्राण्यांचा इतिहास शोधायचा तर या तिन्ही दारांत जावं लागतं.

नमुना तयार करण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि त्यात घाई चालत नाही. प्राणी जिवंत असतानाच त्याचे रंग लिहून घ्यायचे, फोटो काढायचा, बेडूक असेल तर त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा. रंग आधी लिहायचे याला कारण आहे. गवताच्या पात्यासारखा हिरवा हरणटोळ स्पिरिटमध्ये काही काळ राहिला की निळसर होतो. सापाचा हिरवा रंग म्हणजे पिवळं रंगद्रव्य आणि त्याखालून उमटणारा निळा, यांचा मेळ असतो. पिवळं द्रव्य स्पिरिटमध्ये विरघळतं, निळा मागे राहतो. ज्याला हे ठाऊक नाही तो जुनी बरणी बघून एखादा निळा साप नव्यानेच सापडल्याचं जाहीर करायचा.

त्यानंतर औषधाने प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचं आणि यकृताचा किंवा मांडीच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून निव्वळ अल्कोहोलच्या कुपीत ठेवायचा. हा तुकडा डीएनएसाठी असतो. तो फॉर्मॅलिनच्या आधीच काढतात, कारण फॉर्मॅलिन ऊती घट्ट करतं तसे डीएनएचे तुकडेही पाडतं. मग बाजारी फॉर्मॅलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग असं द्रावण सुईने पोटात टोचायचं. नाही टोचलं तर बाहेरून टणक दिसणारा प्राणी आतून कुजतो. यानंतर त्याला बशीत मांडायचं. बेडकाचे पाय गुडघ्यात मुडपून, बोटं फाकवून, म्हणजे बोटांमधला पडदा कुठवर आहे ते पुढे कधीही मोजता येईल. सापाची सैल वेटोळी करून, म्हणजे पोटावरचे खवले एकेक करून दिसतील. फॉर्मॅलिनने एकदा अंग ताठलं की मांडणी बदलत नाही, तेव्हा इथे केलेला आळस कायमचा राहतो. आकारमानाप्रमाणे काही दिवस ठेवून, धुऊन, प्राणी सत्तर टक्के अल्कोहोलच्या बरणीत जातो.

फॉर्मॅलिनचा हा उपयोग १८९३ च्या सुमारास फर्डिनंड ब्लूम या जर्मन डॉक्टरने दाखवून दिला. म्हणजे फिप्सनच्या दुकानातल्या पहिल्या बरण्यांत नुसतं स्पिरिट असणार. याचा एक मजेशीर परिणाम असा, की १८८० च्या दशकातला साप कधी कधी १९५० मधल्या सापापेक्षा बरा डीएनए देतो.

चिठ्ठी साध्या कागदाची चालत नाही. कापसाच्या लगद्याचा जाड कागद लागतो आणि लिहायला शिसपेन्सिल किंवा चिनी शाई. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि काही वर्षांत कोरा कागद उरतो. चिठ्ठी बरणीवर बाहेरून चिकटवलेली असून भागत नाही, ती आत, प्राण्याच्या अंगाला बांधलेली हवी. बाहेरची गळून पडते, आणि एका बरणीत पाच बेडूक असले की कोणता कुठला हे मग कोणीही सांगू शकत नाही. चिठ्ठी हरवलेला बेडूक शरीररचना शिकवायला ठीक. तो कुठे राहत होता, या प्रश्नाला त्याचा काही उपयोग नाही.

आता एक चिठ्ठी वाचून पाहू. ही खरी नव्हे, समजण्यासाठी मीच रचली आहे: «ड्रायोफिस मिक्टेरिझान्स, मादी, पनवेल, जि. कुलाबा, जुलै १९०९.» शब्द मोजकेच, पण प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागेल.

आधी गावाचं नाव. पनवेल म्हणजे नक्की कुठे? शहर खाडीच्या काठाशी, जवळजवळ समुद्रसपाटीवर. पण तालुका पूर्वेला माथेरानच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जातो. प्रबळगड याच तालुक्यात, सुमारे सातशे मीटर उंच. दक्षिणेला गोव्याच्या रस्त्यावर कर्नाळ्याचं रान, जे १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झालं. तेव्हा चिठ्ठीवरचं ‘पनवेल’ खाडीकाठच्या खाजणाचं असू शकतं, भातखाचराचं असू शकतं, डोंगरपायथ्याच्या धोधाणी गावाच्या वरच्या दाट झाडीचंही असू शकतं. गोळा करणारा साहेब पनवेलच्या बंगल्यात उतरलेला आणि साप त्याला नेऊन देणारा कातकरी आठ-दहा मैलांवरून आलेला, असंही होत असे. खाजणातला पाणसाप आणि पालापाचोळ्यातला बेडूक यांच्या दृष्टीने ही जमीन-अस्मानाची तफावत आहे.

म्हणून हल्ली जुन्या नोंदीला नकाशावर बसवताना नुसता ठिपका देत नाहीत. ठिपक्याबरोबर त्रिज्याही द्यावी लागते. ‘कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याशी’ असं लिहिलं असेल तर त्रिज्या एक-दोन किलोमीटर. नुसतं ‘पनवेल’ असेल तर पंधरा-वीस किलोमीटर धरावी लागेल. ज्याला प्राण्याची राहणी डोंगरउताराशी जोडून पाहायची आहे त्याने मोठ्या त्रिज्येच्या नोंदी बाजूला ठेवायच्या, आणि ज्याला फक्त ‘उत्तर कोकणात होता की नव्हता’ एवढंच हवं आहे त्याला त्या चालतात. नोंद वाईट नसते, तिला विचारलेला प्रश्न चुकीचा असू शकतो.

मग जिल्हा. १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये पनवेल ठाणे जिल्ह्यात आहे. पुढे ते कुलाब्यात गेलं, आणि १९८१ पासून कुलाब्याचं नाव रायगड झालं. २०१६ मध्ये शहराची महानगरपालिका झाली. एकाच झाडाखालचा बेडूक शंभर वर्षांत तीन जिल्ह्यांच्या नावे लागू शकतो. जुन्या इंग्रजी चिठ्ठ्यांत पनवेलचं स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी येतं. याहून मोठा घोळ पुढे आहे. ‘कुलाबा’ हा शब्द संगणकाला दिला आणि त्याने आपल्या मनाने जागा शोधली, तर तो टाचणी अलिबागच्या जिल्ह्यात न खोचता दक्षिण मुंबईतल्या कुलाब्यात खोचण्याची दाट शक्यता असते. जगभरच्या संग्रहालयांच्या नोंदी एकत्र दाखवणाऱ्या जीबीआयएफसारख्या संकेतस्थळावर असा ठिपका समुद्राच्या कडेला, लष्करी वसाहतीत, चापडा सापाच्या नावाने चमकताना दिसला तर दचकू नये. चिठ्ठीवर जिल्ह्याचं नाव काय आणि सन कुठला, ते बघावं.

‘बॉम्बे’ हा तर याहून फसवा शब्द. रावऑर्केस्टिस बॉम्बेएन्सिस नावाचा चिमुकला झाडबेडूक आहे. नाव ऐकून तो मलबार हिलच्या बागेत सापडला असावा असं वाटेल. प्रत्यक्षात नेल्सन ॲनन्डेल यांनी १९१९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते कॅसलरॉकच्या नमुन्यांवरून, म्हणजे आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या. बॉम्बे म्हणजे तेव्हा सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला इलाखा. मुंबईच्या संग्रहात ‘बॉम्बे’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी दिसली की अनुभवी माणूस ती तूर्त बाजूला ठेवतो आणि गोळा करणाऱ्याचं नाव शोधतो. तो माणूस त्या साली कुठे नोकरीला होता, कुठल्या मोसमात कुठे फिरला, हे त्याच्या टिपणांतून किंवा संस्थेच्या नियतकालिकातून कळलं तर इलाख्याचा तालुका करता येतो. चार्ल्स मॅककॅनसारखा माणूस असला तर काम सोपं. सोसायटीत नोकरीला असलेल्या मॅककॅनने १९३० च्या दशकात बेडकांवर सविस्तर टिपणं लिहिली आहेत, त्यामुळे त्याचा माग निघतो. ज्याने नुसते नमुने धाडले आणि एक ओळही लिहिली नाही, त्याचा माग काढणं म्हणजे वेळ घालवणं.

आता प्राण्याचं नाव. आपल्या चिठ्ठीवरचं ‘ड्रायोफिस मिक्टेरिझान्स’ म्हणजे हरणटोळ. लष्करी डॉक्टर फ्रँक वॉल यांनी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातल्या नेहमीच्या सापांवर जी लोकप्रिय लेखमाला लिहिली, तीत १९०५ मध्ये हरणटोळाला हेच नाव आहे. माल्कम स्मिथ यांच्या १९४३ च्या ग्रंथात तो ड्रायोफिस नासुटस झाला. पुढे अहेटुला नासुटा. आणि २०२० मध्ये डीएनए आणि खवले दोन्ही तपासून झालेल्या अभ्यासाने सांगितलं की अहेटुला नासुटा हे नाव श्रीलंकेतल्या सापालाच लागू पडतं. उत्तर सह्याद्रीतल्याला अहेटुला बोरियालिस म्हणायचं, आणि द्वीपकल्पाच्या कोरड्या भागातल्या लांब नाकाच्या हरणटोळासाठी अहेटुला ऑक्सिरिंका हे विस्मरणात गेलेलं नाव पुन्हा वापरायचं.

मग आपला १९०९ चा साप यांतला कोणता? चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं: पनवेल. रानातला असेल तर एक शक्यता, मोकळ्या माळावरचा असेल तर दुसरी. जुन्या नावांपुढे नवी नावं मांडणारा तक्ता करून हे सुटत नाही, कारण जुनं एक नाव आता अनेकांत वाटलं गेलं आहे. बरणी उघडावी लागते. चिमट्याने साप बाहेर काढायचा, भिंगाखाली उताणा धरायचा आणि टाचणीच्या टोकाने पोटावरचे आडवे खवले मोजायला लागायचं. पहिला कोणता धरायचा याचाही नियम आहे, डाउलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये घातलेला: दोन्ही बाजूंनी पाठीच्या खवल्यांच्या पहिल्या ओळीला जो भिडतो तो पहिला. मोजणी दीड-दोनशेच्या घरात जाते आणि मध्येच कोणी चहा आणून ठेवला की पुन्हा पहिल्यापासून. एवढी यातायात करायची कारण खवल्यांची संख्या वाढत्या वयाबरोबर बदलत नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा जितके, तितकेच म्हाताऱ्याला. पोटावरच्या खवल्यांचा मणक्यांशी जवळजवळ एकास एक मेळ असतो. लांबी, जाडी, रंग यांचा भरवसा नाही, स्पिरिटमध्ये प्राणी आकसतोही. खवले मात्र शंभर वर्षांनीही तेवढेच भरतात.

बेडकांच्या नावांची हीच कथा. घराच्या पायरीशी किडे टिपायला बसणारा भेक बुफो मेलॅनोस्टिक्टस होता. २००६ मध्ये तो डट्टाफ्रायनस झाला, ओडिशाचे बेडूकतज्ज्ञ सुशीलकुमार दत्ता यांच्या आडनावावरून. ही सरळ बदली आहे: जुन्या सगळ्या चिठ्ठ्यांवर मनातल्या मनात नवं नाव वाचावं. पण राना मलबारिका असं लिहिलेल्या उत्तरेकडच्या चिठ्ठ्यांचं तसं नाही. २०१५ मध्ये पुण्याच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की दक्षिणेतला मलबारी बेडूक वेगळा आणि महाराष्ट्रापासून मध्य भारतापर्यंत पसरलेला वेगळा. या दुसऱ्याला त्यांनी नाव दिलं हायड्रोफिलॅक्स बहुविस्तारा. ते काम शक्य झालं कारण वेगवेगळ्या भागांतले नमुने समोरासमोर ठेवून पाहता आले.

क्रमांक वाचतानाही डोळे उघडे ठेवावेत. लंडनच्या अनेक महत्त्वाच्या नमुन्यांचा क्रमांक १९४६ ने सुरू होतो. नवखा माणूस म्हणतो, साप १९४६ मध्ये पकडला. तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने हे नमुने लंडनबाहेर हलवले होते, ते परत आल्यावर त्यांना नवे क्रमांक पडले. प्राणी त्याआधी पन्नास वर्षं मेलेला असू शकतो. तारखेचंही तसंच आहे. वहीतली तारीख कित्येकदा नमुना पोचल्याची असते, पकडल्याची नसते. कोकणात हा फरक मोठा पडतो, कारण आपले बरेच बेडूक पावसाच्या चार महिन्यांतच दिसतात, आणि पार्सल मात्र दिवाळीनंतर सवडीने जातं. डिसेंबरात टरटरणारा बेडूक वहीत दिसला तर तो बेडकाचा चमत्कार मानू नये.

जुन्या लिखाणात आपल्या भागातली कुठली नावं येतात, तेही पाहण्यासारखं आहे. खंडाळा येतं, माथेरान येतं, महाबळेश्वर येतं. खंडाळ्याच्या एका नमुन्याची हकीगत सांगायलाच हवी. गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला, मातीत राहणारा उभयचर म्हणजे देवगांडूळ. कॅन्सस विद्यापीठाचे एडवर्ड टेलर यांनी खंडाळ्याच्या नमुन्यांवरून १९६० मध्ये देवगांडुळाची नुसती नवी जात नव्हे, नवी प्रजातीच उभी केली: इंडोटिफ्लस बॅटर्सबाय. बॅटर्सबाय म्हणजे लंडनच्या संग्रहालयातले सरपटणाऱ्या प्राण्यांचे जाणकार जेम्स बॅटर्सबी. पनवेलहून घाट चढला की जे पहिलं थंड हवेचं ठिकाण, तिथल्या ओल्या मातीतला प्राणी जगाला कळला तो अमेरिकेतल्या माणसाने बरणीतले नमुने निरखले म्हणून. ज्या नमुन्यावर नाव बेतलेलं असतं त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कोणी म्हणालं की हा तो नव्हेच, तर वाद त्या एका देहापाशी येऊन मिटवायचा असतो.

खंडाळा आणि माथेरानच का, पनवेल का नाही? मला याचं उत्तर प्राण्यांत दिसत नाही, रेल्वेच्या वेळापत्रकात दिसतं. एके काळी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस पडावातून पनवेलला उतरायचा आणि बोरघाट चढायचा. घाटाचा गाडीरस्ता १८३० चा. पण १८६३ मध्ये कल्याण-कर्जतवरून रेल्वे खंडाळ्याला चढली आणि पनवेल वाटेवरून बाजूला पडलं. सोसायटी निघाली त्याच्या वीस वर्षांनंतर. तिच्या सभासदांनी सुट्टीत गाडी पकडली ती खंडाळ्याची, आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी सुरू झाल्यावर माथेरानची. पनवेलला रेल्वे आली १९६० च्या दशकात, दिव्याहून. संध्याकाळी हवापालटाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात जे सापडलं ते बरणीत गेलं. खाडीकाठच्या खाजणात, चिखलात गुडघाभर उतरून रात्री बेडूक शोधायला कोण जाणार? नोंदींचा नकाशा काढला की तो निम्मा प्राण्यांचा आणि निम्मा माणसांच्या सोयीचा असतो. संग्रहात एखाद्या गावचा नमुना नाही, म्हणून तिथे तो प्राणी नव्हता, हे अनुमान म्हणूनच धोक्याचं.

पर्यावरणाच्या अहवालांत हे धोक्याचं अनुमान सर्रास केलेलं असतं, आणि ते मला खटकतं. ‘परिसरात दुर्मीळ प्रजातीची नोंद नाही’ हे वाक्य दोन अर्थांनी खरं असू शकतं: शोधलं आणि मिळालं नाही, किंवा कोणी शोधलंच नाही. पनवेलच्या बाबतीत हा नुसता शब्दच्छल नाही. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली तेव्हापासून खाजणं भरली गेली, डोंगर फोडले गेले, आणि नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट करून नदीचा प्रवाह वळवला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. भराव पडण्याआधी त्या खाजणात कोणते पाणसाप होते, टेकडीच्या कातळात कोणत्या पाली होत्या, हे विचारायला आता जागाच उरलेली नाही. जे काही तेव्हा बरणीत किंवा वहीत गेलं असेल तेवढंच.

बरणीचा उपयोग ती भरणाऱ्याच्या मनातही नसेल अशा कामी होतो. बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीने गेल्या काही दशकांत जगभर बेडकांच्या कित्येक जाती नष्ट केल्या. ही बुरशी कधीपासून आहे, हे शोधायला संशोधकांनी जुन्या बरण्या उघडून बेडकांच्या कातडीचे छेद घेतले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात दक्षिण आफ्रिकेतल्या १९३८ च्या एका बेडकावर ती सापडली. त्या बेडकाला पकडलं तेव्हा या रोगाला नावही नव्हतं. आपल्या उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर ती असल्याचं २०१३ मध्ये दाखवलं गेलं. ती इथे केव्हापासून आहे हे शोधायची जागा म्हणजे पुन्हा जुनी बरणी.

बरण्या अमर नाहीत, हेही सांगायला हवं. झाकणातून अल्कोहोल उडत राहतं आणि वर्षानुवर्षं भर घालावी लागते. हे काम करणाऱ्याच्या नावाने कधी कुठल्या बेडकाचं बारसं होत नाही. शिवाय अल्कोहोल पेट घेतं. ब्राझीलमधल्या बुटांटन संस्थेचा सापांचा संग्रह, जगातल्या सगळ्यांत मोठ्या संग्रहांपैकी एक, मे २०१० मधल्या आगीत जवळजवळ सगळा गेला.

मग आज पनवेलच्या सापांच्या नव्या बरण्या भराव्यात का? मनात आलं आणि पकडला, असं आता करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली साप संरक्षित आहेत. संशोधनासाठी नमुना घ्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि नव्या जातीचे नमुने मान्यताप्राप्त संग्रहातच ठेवावे लागतात. मेलेला साप रस्त्यावरून उचलून घरी बरणीत घालणंही कायद्यात बसत नाही. संग्रहासाठी प्राणी मारण्याबद्दल ज्यांना राग येतो त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. पण प्रमाण पाहावं. याच कोकणातल्या आणि देशभरच्या भातखाचरांतून पेट्रोमॅक्सच्या उजेडात पकडलेले बैल बेडूक तंगड्यांसाठी हजारो टनांनी परदेशी गेले. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींसारख्यांनी सतत लिहून, बोलून विरोध केला आणि १९८७ मध्ये निर्यातीवर बंदी आली. कोट्यवधी बेडूक गेले, त्यांतल्या एकाच्याही पायाला चिठ्ठी नव्हती.

पनवेलमध्ये आज जास्तीत जास्त नोंदी होतात त्या मोबाइलवर. जीबीआयएफच्या तक्त्यात नोंद कशावर आधारलेली आहे याचा एक रकाना असतो, तिथे जतन केलेला नमुना आणि माणसाने पाहिलेला प्राणी या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहितात. दुसरी पहिलीची जागा घेत नाही, पण तिला पुष्कळ जवळ आणता येतं. सर्पमित्रांचे फोटो बहुतेक एकाच तऱ्हेचे असतात: हुकवर लटकलेला साप आणि मागे पकडणाऱ्याचा चेहरा. त्यात ओळख पटवायला लागणारं काहीच नसतं. हरणटोळाचं डोकं बाजूने आणि वरून असे दोन फोटो हवेत, नाकाचा लांबट शेंडा स्पष्ट दिसेल असे. झाडबेडकाच्या बोटांच्या टोकांच्या चकत्या, मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा आणि मांडीची आतली बाजू हवी. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं तर आकार कळतो. बेडूक ओरडत असेल तर त्याचा अर्धा मिनिट आवाज, कारण दिसायला जुळे वाटणारे झाडबेडूक आवाजावरून वेगळे ओळखता येतात. जागा लिहायची ती ‘पनवेल’ अशी नाही, तर ‘कर्नाळा अभयारण्य, किल्ल्याच्या पायवाटेवर, ओढा ओलांडल्यावर डाव्या हाताला, जमिनीपासून हातभर उंच, करवंदीच्या जाळीत’ अशी. साप शहरातून पकडून रानात सोडला असेल तर दोन्ही जागा लिहायच्या, आणि पकडलेली आधी.